दीपीच्या दाढा

माझी धाकटी बहीण दीपाली, आमची दीपी, सात वर्षांची व्हायच्या आधीच म्हाताऱ्या माणसासारखी जेवायला लागली होती. भाकरीचा तुकडा ती आमटीत बुडवून ठेवायची, तो पार विरघळला की बोटाने उचलून जिभेवर घ्यायची आणि पुढच्या दातांनी सशासारखा भरभर हलवून गिळून टाकायची. घास मागच्या दाढांपर्यंत जाऊच द्यायची नाही. पाणी पितानाही मान एका बाजूला कलती करायची. माठातलं गार पाणी चुकून मागे गेलं, तर भांडं हातातून सुटायचं आणि ती दोन्ही गाल दाबून धरून जागच्या जागी उड्या मारायची. ओरडायची मात्र नाही, कारण आमच्या घरात दिवसा ओरडायला बंदी होती. बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे.

आम्ही तेव्हा रहाटणीत, एका जुन्या गावकरी कुटुंबाच्या घरामागे भाड्यासाठी काढलेल्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्यांची पाळी आठवड्याला बदलायची आणि तिच्यासोबत आमचं अख्खं घर बदलायचं. झोपायच्या जागा बदलायच्या, जेवणाच्या वेळा बदलायच्या, रेडिओ लावायचा की नाही हेसुद्धा पाळीवर ठरायचं. एका आठवड्यात पहाटे फोडणीच्या वासाने जाग यायची, पुढच्या आठवड्यात त्याच वेळी बाबा दार हळूच लोटून घरात यायचे आणि त्यांच्या कपड्यांना तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. आई घरी बसून रबरी रिंगा छाटायची. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून पोतं यायचं. साच्यातून निघालेल्या रिंगांच्या कडेला राहिलेलं जादा रबर छोट्या कात्रीने कापून टाकायचं, एवढंच काम. पण ते काम घरभर असायचं. चादरीवर रबराचे काळे दोरे, केसांत रबराचा वास. येसरच्या आमटीलाही तो वास लागतो, असं मला वाटायचं. दिवसभर कात्रीचं कच कच चालायचं आणि बाहेर, जिकडे तिकडे इमारती उठत होत्या म्हणून, फरशी कापायच्या मशीनची किंकाळी. आज त्या भागात गेलं तर आमच्या खोल्या कुठे होत्या हे मला बोट दाखवून सांगता येत नाही. तिथे आता एक जिम आहे, किंवा जिमच्या शेजारचं पार्किंग.

त्या घरात कोणी शांत बसलेलं मला आठवत नाही. आई बसली तरी तिचे हात चालू असायचे, आणि हात थांबले की ती उठून एकदा झाडलेली खोली पुन्हा झाडायची. मी सातवीत होते. अभ्यासाला बसले की पाय हलत राहायचे आणि दोन पानं झाली की मी उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचे. आणि दीपीच्या तोंडात तर कायम काहीतरी चालू असायचं. ती जिभेने मागच्या दाढा चाचपायची, गाल आत ओढायची, बोट घालायची. हे सगळं कधी सुरू झालं ते आम्हाला कळलंच नाही. आईला वाटलं, पोरगी जेवायला नखरे करते.

एके दिवशी आईने तिला दारातल्या उन्हात मांडीवर आडवं घेतलं आणि तोंड उघडायला लावलं. दुधाचे दात होते तसेच पांढरे होते. पण सगळ्यात मागे, ज्या दाढा नव्यानेच आल्या होत्या, त्या पांढऱ्या नव्हत्या. जुन्या खडूसारख्या होत्या, त्यांच्यावर पिवळे आणि तपकिरी पट्टे होते आणि एकीचा कोपरा गुळाच्या ढेपेसारखा भुगा झालेला होता. आईने ते बघितलं. दीपीचं तोंड तिने हाताने मिटवलं, जणू कोणी बघेल म्हणून. मग ती आत गेली आणि रिंगांचं पोतं ओढून कापत बसली. तिचं काहीतरी बिनसलंय हे मला कात्रीच्या आवाजावरूनच कळलं.

आईचे स्वतःचे दात तपकिरी होते. सगळेच्या सगळे. मी जन्मल्यापासून तेच बघत आले होते, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटत नसे. माझ्या आईचे दात तपकिरी आणि बाबांचे पांढरे, जसे बाबांचे केस कुरळे आणि आईचे सरळ. त्या दिवसानंतरच मी तिच्याकडे नीट बघायला लागले. ती हसताना पदर तोंडावर घ्यायची, फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहायची, शाळेत बाईंशी बोलताना खाली बघायची. तिचं माहेर मराठवाड्याच्या पार टोकाला, आंध्रच्या हद्दीला लागून. त्या गावच्या हापशाच्या पाण्यात काहीतरी दोष होता आणि तेच पाणी पिऊन सगळी पिढी वाढली होती. पोरांचे दात येतानाच डाग घेऊन यायचे. मोठ्या माणसांची हाडं ताठ व्हायची. माझ्या आईच्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मान वर करता येत नसे. आभाळात विमान गेलं तर ते आवाज ऐकायचे आणि विचारायचे, केवढं होतं. आई चौथीपर्यंत शिकली. त्यानंतर केव्हातरी सरकारी माणसं आली, त्यांनी हापसा लाल रंगाने रंगवला आणि त्यावर लिहिलं, या पाण्यात फ्लोराइड आहे, पिऊ नये. दुसरं पाणी जवळ नव्हतं. लोक तेच पीत राहिले.

तिला बघायला आलेल्या मुलांनी तिला नाकारलं होतं, तेही दातांवरून, हे मला फार नंतर तिच्या धाकट्या बहिणीने सांगितलं. एकाच्या आईने म्हणे कांदेपोहे खाता खाता तिला सांगितलं होतं, बाळ, जरा हसून दाखव. बाबांचं गाव तिथून लांब, त्यांच्याकडे विहिरीचं पाणी गोड. ते बघायला आले तेव्हा तिने आधीच तोंड उघडून दाखवलं आणि विचारलं, चालतंय का. बाबा लाजून हो म्हणाले. हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर पुढे जे झालं ते मला लवकर समजलं असतं. पण मी बारा वर्षांची होते आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की आई दीपीच्या दाढांवर तुटून पडली आहे.

तिने मीठ-हळद-मोहरीचं तेल लावलं. लवंग ठेचून ठेवली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डाग जायला लिंबू घासलं आणि दीपी अशी किंचाळली की बाबा झोपेतून उठून धावत आले.

"काय चाललंय?" बाबा म्हणाले.

"डाग जायलेत का बघायलीय."

"अगं, लेकराचं तोंड हाय ते. भांडं हाय का घासायला?"

आईने लिंबाची फोड मोरीत टाकली. पण दुसऱ्या दिवशी तिने दीपीला आमच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी पाजणं बंद केलं. घरमालकीण काकूंनी विचारलं, "आगं, आमी जल्मापासनं ह्येच पितूय, काय झालं न्हाई, तुला कशाची भीती?" तरी ती नळाचं पाणी येईपर्यंत थांबायची, ते उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. दीपी रहाटणीतच जन्मली होती, आईच्या गावचं पाणी तिने फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, चार दिवस, प्यालं असेल. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी नाई गं. माझ्या अंगातूनच गेलं असंल तिच्यात." आणि लगेच उठली आणि झाडू घेतला.

पावसाळा संपता संपता आमच्या शाळेत दातांचे डॉक्टर आले. दातांच्या कॉलेजची पांढरी गाडी मैदानात उभी राहिली, तिच्यावर कापडी फलक होता. पहिली-दुसरीच्या मुलांची रांग लावली होती. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एकेकाला बसवून तरुण डॉक्टर दात तपासत होते आणि छोट्या ब्रशने काहीतरी पिवळं, चिकट लावत होते. मी मधल्या सुट्टीत दीपीला बघायला गेले. ती रांगेत होती, पुढे दोनतीनच मुलं. तेवढ्यात आई दीपीचा डबा घेऊन फाटकातून आत आली. दीपीसाठी ती रोज मऊ भात आणून द्यायची. फलकापाशी ती थांबली. ती अक्षरं जुळवून वाचायची, ओठ हलवत. मला ते लांबून दिसलं. पहिला शब्द तिला लागला नाही, दुसरा लागला. त्यानंतरचा शब्द तिने जुळवला नाही, तो तिला ओळखीचाच होता. गावच्या लाल हापशावर तिने तो रोज वाचला होता.

ती धावली नाही, पण तिच्या चालण्यात असं काही होतं की मुलं बाजूला झाली. तिने दीपीचा दंड धरला आणि तिला रांगेतून बाहेर काढलं.

पहिलीच्या बाई पुढे आल्या. "अहो ताई, काय करताय? चांगलं औषध आहे. दात मजबूत होतात. आणि फुकट आहे."

"फुकट तर आमच्या गावचं पाणी बी होतं," आई म्हणाली.

ती दीपीला घेऊन घरी गेली. डबा पायरीवरच राहिला. माझ्या वर्गातल्या मुली बघत होत्या आणि मला कुठे उभं राहावं ते कळेना. मी डबा उचलला, परत ठेवला, परत उचलला. आईची मला लाज वाटली होती, आणि बाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याचा रागही आला होता. ही दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. उरलेला दिवस मी बाकावर चुळबुळत काढला. सरांनी एकदा विचारलं, मुंग्या आहेत का.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, बाबांची पाळी नव्हती म्हणून सगळे एकत्र जेवत होतो. पिठलं-भाकरी होती. बाबांच्या हातचा घास म्हणून दीपीने तो नेहमीपेक्षा मोठा घेतला आणि खरंच चावला. टचकन आवाज आला, मला पलीकडे बसून ऐकू आला. तिने तोंडातून बोटाने एक तुकडा काढला. पिवळट, ओला, शेंगदाण्याच्या पाकळीएवढा. तो तिने तळहातावर ठेवून आधी बाबांना दाखवला, मग आईला. रडायला तिला जरा उशीर झाला. रडायला लागली तेव्हा मात्र तिने घरातली बंदी पाळली नाही.

संध्याकाळपर्यंत गाल सुजला. बाबा येरझाऱ्या घालत होते, आमची खोली एवढीशी, तीन पावलात भिंत. "उद्या तिला दवाखान्यात न्यायचं," ते म्हणाले. "मला उद्या सुट्टी मिळणार नाई, प्रेसला नवीन डाय लागायलीय. तू जा. वर्षाला घेऊन जा," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "तिला समजतं सगळं."

"ते लोक तेच लावतील," आई म्हणाली.

"काय लावतील ते लावतील. पोरीचा दात झिजून झिजून संपला." बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत. तेव्हाही चढवला नाही, पण वाटेतलं रिंगांचं पोतं पायाने बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी बसने दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. मोठा हॉल होता, खुर्च्यांच्या ओळी, प्रत्येक खुर्चीवर दिवा, आणि बारीक, टोकदार आवाज, आमच्या गल्लीतल्या फरशी मशीनची लहान पोर असावी तसा. आई दारातच थांबली आणि तिने श्वास ओढला. सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास होता. "हे तर आपलंच की," ती म्हणाली, आणि तेवढ्याने तिचा पाय आत पडला.

आम्हाला ज्या डॉक्टर मिळाल्या त्या अगदी तरुण होत्या. शलाका नाव होतं. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि हातमोजे असल्यामुळे त्या तो मनगटाने वर ढकलायच्या. त्यांनी दीपीशी आधी तिच्या बांगड्यांवरून गप्पा मारल्या आणि मग तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग बोलायला लागल्या तेव्हा निम्मं इंग्रजी होतं. आईने माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणायली ती?"

ते काम माझंच होतं, घरी आलेलं प्रत्येक पत्र, बँकेतला प्रत्येक साहेब, शाळेतलं प्रत्येक बोलणं मीच आईला उलगडून सांगायचे. मी डॉक्टरांना परत विचारलं आणि जे समजलं ते सांगत गेले. दाताच्या वर एक टणक कवच असतं. ते बाळपणीच तयार होतं, हिरडीच्या आत. दीपीच्या दाढांचं कवच तयार होताना नीट पिकलंच नाही. मला सांगता येईना, मग बाहेरची बांधकामं आठवली आणि मी म्हणाले, "आई, स्लॅबला पाणी मारलं नाही तर कसा भुसभुशीत राहतो, तसं झालंय." आई म्हणाली, "हं." डॉक्टर म्हणाल्या, तुटलेल्या दाढेला धातूची टोपी बसवावी लागेल. बाकीच्या दाढा अजून वाचवता येतील. लाळेत क्षार असतात, ते दाताला परत मिळत असतात, पण हिच्या दाढा ते धरून ठेवू शकत नाहीत. वर एक लेप लावला की धरून ठेवतील. दर काही महिन्यांनी लावायचा. आणि घरी रात्री लावायला दुधापासून केलेलं एक मलम.

"कसला लेप?" आईने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "फ्लोराइड वार्निश." त्या भरभर बोलायच्या आणि त्यांच्या उच्चारात तो शब्द वेगळाच झाला होता. आईला तो कळला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

दीपी खुर्चीत आडवी होती, दिव्याचा उजेड तिच्या सुजलेल्या गालावर. मी काहीही म्हणू शकले असते. दातांचं औषध म्हणाले असते, तरी खोटं झालं नसतं. डॉक्टर वाट बघत होत्या. माझे पाय नेहमीसारखे हलत होते आणि ते थांबवता येत नव्हते.

"तेच आहे, आई," मी म्हणाले. "फ्लोराइड. हापशावर लिहिलेलं."

आई उठली. दीपीला उचलून खाली घेतलं आणि हॉलच्या बाहेर निघाली. मी तिच्या मागे, डॉक्टर माझ्या मागे. व्हरांड्यात आई थांबली ती दीपी थांबली म्हणून. तिला चालवत नव्हतं, ती गाल धरून भिंतीला टेकली होती आणि हळू आवाजात म्हणत होती, "घरी नको. घरी लिंबू लावते आई."

मला वाटतं, आईने त्या दिवसात ऐकलेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच असावं. ती बाकावर बसली. डॉक्टर शलाकाही तिच्या शेजारी बसल्या, पांढऱ्या कोटासकट. "ताई, भीती कशाची वाटते ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

आईने मला मध्ये घेतलं नाही. तिने पदर खाली केला आणि तोंड उघडून डॉक्टरांना दाखवलं. भर व्हरांड्यात, लोक येत-जात असताना. आपणहून दात दाखवताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांचे सर तिथून चालले होते ते थांबले. उंच होते असं मला आठवतं, पण त्या वयात सगळेच उंच वाटतात. त्यांनी वाकून बघितलं, आईला गावाचं नाव विचारलं आणि मागे वळून हाक मारली, "अरे, सगळे इकडे या. पुस्तकात बघता ना, हे बघा." पाचसात मुलं-मुली भोवती जमली. आईने तोंड मिटलं. तिचा हात पदराकडे गेला. डॉक्टर शलाका पटकन म्हणाल्या, "सर, आधी त्यांना विचारू या का?" आणि सरही ओशाळले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ताई, माफ करा. नको असेल तर नको."

आईने त्या मुलांकडे बघितलं. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती ती पोरं. एकाच्या ओठांवर नुकती मिसरूड होती.

"ह्यांनला डॉक्टर व्हायचंय का?" तिने विचारलं.

"हो."

"मंग बगा. पण आधी मला एक सांगा, साहेब. ह्या पोरीचे दात माझ्यासारखे होनार का?"

सरांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. त्यांनी दीपीला उचलून घेतलं, आम्हा सगळ्यांना घेऊन ते हॉलमध्ये गेले, तिला दिव्याखाली बसवलं, तिच्या दाढा बघितल्या आणि मग आईसमोर येऊन, साध्या मराठीत, मला मध्ये न घेता सांगितलं. "तुमचे दात पाण्याने झाले. पाण्याचं असलं की सगळ्या दातांवर सारखं दिसतं. हिचं मोजक्याच दाढांवर आहे. हे वेगळं दुखणं आहे, पाण्याचं नाही."

"मग कशाचं?"

"जन्माच्या वेळी काही झालं असेल, नाहीतर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मोठा ताप आला असेल. खरं सांगायचं तर नक्की कारण आम्हालाही माहीत नाही."

"माझ्या अंगातून गेलं का तिला?"

"नाही. तुमच्या दातांचे डाग पोटातल्या लेकराला जात नाहीत. हे मात्र नक्की."

आई खुर्चीच्या पायाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आनि ते औषध? त्यानंच तर आमचं वाटोळं झालं."

आता डॉक्टर शलाका पुढे आल्या. त्यांनी एका छोट्या प्लास्टिकच्या वाटीत ते पिवळं वार्निश काढलं आणि वाटी आईच्या हातात दिली. मसुराच्या डाळीएवढा थेंब होता. "एवढंच," त्या म्हणाल्या. "चारही दाढांना मिळून एवढंच. आणि परत काही महिन्यांनी."

आईने वाटी उजेडात धरली. तिरकी केली. नाकाशी नेली. "एवढंच?" ती म्हणाली. "आमी तर हंडेच्या हंडे पिलो. सकाळ, दुपार, रात. बाळंतिणीला बी तेच, तान्ह्याला बी तेच." वाटी डॉक्टरांच्या हातात परत देताना तिने ती जरा वेळ धरूनच ठेवली. मग दीपीजवळ जाऊन तिच्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाली, "लावा."

आणि विद्यार्थ्यांनी तिचे दात बघितले. ती बाजूच्या खुर्चीवर आडवी झाली, दिव्याने डोळे मिटले, आणि तिचं तोंड उघडं होतं. सर मुलांना सांगत होते, आणि मध्येच ती हात वर करून त्यांना थांबवायची आणि तिला आठवेल ते सांगायची. कोणाचे दात कसे होते, आबांची मान कशी ताठली, हापसा कधी रंगवला. मिसरूडवाला मुलगा भराभर लिहून घेत होता. मी दोन खुर्च्यांच्या मध्ये उभी होते. एका बाजूला माझी बहीण, एका बाजूला माझी आई, दोघींची तोंडं उघडी, आणि त्या हॉलमध्ये मला करायला काहीच नव्हतं.

परत येताना बसमध्ये दीपी आईच्या मांडीवर झोपली. तिच्या दातांवर पिवळा पापुद्रा होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसऱ्या दिवसापर्यंत ब्रश करायचा नाही, कडक काही खायचं नाही. पूल गेला, स्टॉप आले-गेले. आई खिडकीबाहेर बघत होती.

"तुला तो शब्द लपवता आला असता," ती अचानक म्हणाली.

"हो."

"मला कळलं बी नसतं."

"नसतं."

तिने दीपीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "बरं केलंस," ती म्हणाली. "नाईतर ह्याच्यानंतर तू काय बी सांगितलं असतं तरी मला वाटलं असतं, ही काहीतरी दडवायली."

तुटलेल्या दाढेवर टोपी बसली, चांदीसारखी चमकणारी, आणि दीपी ती शाळेत सगळ्यांना तोंड वासून दाखवत फिरली. ती दाढ पुढे काढावीच लागली, नववीत असताना. बाकीच्या तीन तिच्या तोंडात अजून आहेत, डागांसकट. ती हिंजवडीत काम करते, चारचौघांत मोकळं बोलते आणि बर्फ घातलेलं पाणी पिते, ते बघून मला अजूनही दात शिवशिवल्यासारखं होतं. पण त्या दिवसांत आम्हाला हे काही माहीत नव्हतं. लेप लागला तरी गार पाण्याने तिचं अंग शहारणं लगेच थांबलं नाही, महिने गेले. रात्री आई बोटावर मलम घेऊन तिच्या दाढांना लावायची. घर आधीसारखंच होतं, पाळ्या बदलत होत्या, कात्री चालत होती, मी उंबऱ्यापर्यंत जाऊन येत होते.

लेप लावायला आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. दर वेळी मी आई आणि डॉक्टर शलाका यांच्या मधोमध उभी राहायचे, आणि दर वेळी आई माझ्याकडे जरा कमी बघायची. ती स्वतः विचारायची. हे मलम संपलं तर? दुधावरची साय लावली तर चालेल का? डॉक्टर हसायच्या आणि सांगायच्या. एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्ही गेलो तेव्हा गर्दी होती. नाव पुकारलं तशी मी उठले. आई म्हणाली, "तू बस. आमी येतो जाऊन." आणि दीपीचा हात धरून ती आत गेली.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. काचेच्या दारातून मला ती दिसत होती. डॉक्टर शलाका काहीतरी सांगत होत्या, चष्मा मनगटाने वर ढकलत, आणि आई मान हलवत होती. मध्येच ती काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी उठून दारापर्यंत गेले, परत आले, बसले, परत उठले. मला कोणी हाक मारली नाही. मला हलकं वाटत होतं आणि कुठेतरी लागतही होतं.

आई आणि दीपी बाहेर आल्या. दीपीचे ओठ पिवळ्या लेपाने चिकट झाले होते.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" मी विचारलं.

आई पायऱ्या उतरायला लागली होती. "चल तर आधी," ती म्हणाली. "बसमध्ये बसलो की समजावून सांगते तुला."